शंभर हर्ट्झचं मंडळ

आधीच सांगून टाकते, नंतर कोणी म्हणायला नको की ओवीने लपवलं. मुंगी मी बनवली. आज ती सातशे पारांवर फिरते. पण पहिली मुंगी निघाली ती खैरगाव वीज केंद्राच्या वसाहतीतल्या शाळेतून, नववीच्या वर्गातून. नववीत मी एकटीच होते, त्यामुळे मॉनिटर मी, पहिला नंबर माझा आणि शेवटचाही माझाच.

वसाहतीत अकराशे क्वार्टर्स आहेत. माणसं राहतात चौदामध्ये. बाकीच्या दारांवर पांढऱ्या खडूने फुल्या मारल्यात. उन्हाची आणि वाऱ्याची वीज इतकी स्वस्त झाली की कोळसा जाळणं परवडेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी केंद्र बंद झालं. शेवटचा संच आईच्या शिफ्टमध्ये बंद झाला. ती कंट्रोल रूममध्ये होती, बटणावर तिचाच हात होता. आम्ही सगळे गेटबाहेर उभे होतो. अकरा वाजून वीस मिनिटांनी चिमणीचा धूर पातळ झाला, आणि मग ती शांतता आली.

वीज केंद्राजवळ जन्मलेल्या माणसालाच ती शांतता कळेल. मोठ्या ट्रान्सफॉर्मरला स्वतःचा एक आवाज असतो. वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते, आणि तिच्या प्रत्येक फेरीत आतलं लोखंड दोनदा किंचित ताणलं जातं. किती किंचित? केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. पण टनावारी लोखंड सेकंदाला शंभर वेळा असं थरथरलं की गुंजारव होतो. शंभर हर्ट्झ. आम्ही त्या आवाजात झोपलो, जेवलो, पाढे पाठ केले. पाहुणे म्हणायचे, "हे काय वाजून राहिलं?" आम्ही म्हणायचो, "कुठे काय?"

तर त्या दिवशी तो थांबला. शेजारच्या मंदाकाकू रडल्या. बाबांनी टोपी काढली. आणि मी उभी राहून ऐकत होते, कारण माझा थांबला नव्हता.

आठवडाभर वाट पाहिली. मग आईला सांगितलं. आई मला वसाहतीच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली आणि फार छान समजावलं. मेंदूला एखाद्या आवाजाची वर्षानुवर्षांची सवय असली आणि तो एकदम गेला, की मेंदू आतला व्हॉल्यूम वाढवून त्याला शोधत बसतो. शोधता शोधता कधी कधी स्वतःच तो वाजवतो. मग त्यांनी आईला सहज विचारलं, "मॅडम, तुम्ही तर वीस वर्षं आत बसल्या. तुम्हाला येतो का ऐकू?"

"छे!" आई हसली. "मला कुठला? हिचं आपलं काहीतरी."

हिचं आपलं काहीतरी. त्या दिवसापासून मी त्याबद्दल बोलायचं बंद केलं. म्हणजे बंद करेपर्यंत थोडा उशीरच झाला होता, कारण तोवर मी शाळेतल्या पूर्वेशला सांगून बसले होते आणि पूर्वेशने सगळ्या शाळेला. मग माझं नाव ट्रान्सफॉर्मर पडलं.

त्यानंतर तीन महिन्यांनी आईची बदली झाली, साक्रीकडच्या सोलर पार्कात. सहाशे किलोमीटर. बाबांचं ग्राहक भांडार इथलं शेवटचं कुटुंब जाईपर्यंत चालवायचं होतं. आई म्हणाली, "ओवी, तू चल माझ्यासोबत." मी म्हटलं, "मी इथेच शिकणार." खरं कारण असं होतं की मी इथून गेले आणि आवाज थांबला, तर हिचं आपलं काहीतरी हे खरं ठरणार. दर रविवारी आमचा आठ मिनिटांचा फोन व्हायचा. जेवली का, अभ्यास झाला का, बाबांना दे.

आता पार म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मी तिसरीत असताना इंटरनेटवरची मोठ्या कंपन्यांची जाळी मोडली. तेव्हापासून प्रत्येक गावाचा, शाळेचा, एसटी डेपोचा स्वतःचा छोटा सर्व्हर असतो. त्याला सगळे पार म्हणतात. आमच्या वसाहतीचा पार शाळेच्या लॅबमध्ये, जुन्या कपाटात आहे. एका पारावरची माणसं दुसऱ्या पारावरच्या माणसांशी बोलू शकतात, एकमेकांच्या मंडळांत जाऊ शकतात. मंडळ कशाचंही असतं. मालक कोणी नाही, जाहिराती नाहीत, सगळं मस्त.

फक्त एक गोची आहे. सगळ्या मंडळांची यादी कुठेच नाही. तुमच्या पाराला बाहेरची तीच मंडळं माहीत असतात, ज्यांत तुमच्यापैकी कोणीतरी आधीच गेलेलं आहे. हे अगदी बाबांच्या भांडारासारखं आहे. भांडारात तोच माल येतो जो कोणीतरी एकदा मागितलाय. एकाने मागितला की मग सगळ्यांना फळीवर दिसतो. पण पहिल्यांदा मागणाऱ्याला नाव, कंपनी, वजन सगळं बरोबर सांगावं लागतं. नुसतं "ते, खोकल्यावरचं, हिरवं" म्हणून चालत नाही. तसंच मंडळाचं नाव आणि पाराचा पत्ता पक्का माहीत असेल तरच तुम्ही पहिले जाऊ शकता. मोठ्या शहरातल्या पारावर लाख माणसं असतात, कोणी ना कोणी सगळीकडे जाऊन आलेलं असतं. आमच्या पारावर खाती चारशे बारा. त्यातली बहुतेक बदली होऊन गेलेल्यांची, कारण पार बदलला की जुन्या पोस्टी मागे राहतात, म्हणून लोक पत्ता इथलाच ठेवतात. राहणारे आम्ही एकसष्ट. तर मी शोधमध्ये "आवाज" असं लिहिलं की यायचं एकच मंडळ: लग्नातला बँड.

कुठेतरी असणार ना? इतकी केंद्रं बंद झाली, इतक्या वसाहती. त्यातल्या एखाद्याला तरी माझ्यासारखं ऐकू येत असेल. एक माणूस, बस. पण त्याचा पत्ता मला माहीत नव्हता आणि माझा त्याला.

म्हणून मुंगी.

नाईकवाडे मॅडम आम्हाला विज्ञान शिकवतात. विज्ञान, गणित, इंग्रजी आणि पीटी. त्यांनी एकदा लॅबच्या ओट्यावर साखरेचे चार दाणे ठेवले आणि म्हणाल्या, "बघ. यांच्याकडे नकाशा नाही. तरी अर्ध्या तासात रस्ता होतो." मुंगी जाताना वास सोडते. जिला साखर सापडते ती त्याच वाटेने परत येते, वास दुप्पट होतो. रिकाम्या वाटेवरचा वास उडून जातो. एकाही मुंगीला सगळं माहीत नसतं, पण वारुळाला कळतं.

माझी मुंगी म्हणजे एक चिमुकला प्रोग्राम. तुम्ही तिला प्रश्न द्यायचा, साध्या भाषेत, मनातला. ती त्याचे तीनशे आकडे करते. तो तिचा वास. सारख्या अर्थाच्या प्रश्नांचे आकडे सारखे येतात, शब्द वेगळे असले तरी. मग ती शेजारच्या पारावर जाते, तिथली मंडळं हुंगते, खूण सोडते, पुढच्या पारावर जाते. खूण तीन दिवसांत उडते. साखर सापडली तर मंडळाचा पत्ता घेऊन परत येते. प्रश्न मात्र सीलबंद. वाटेत कोणालाही फक्त आकडे दिसतात. सील फोडायची किल्ली फक्त त्या पाराच्या राखणदाराकडे, आणि आमच्या पाराची राखणदार मी. सायन्स एक्झिबिशनच्या दिवशी मी सगळ्या वसाहतीसमोर, माइकवर, न अडखळता सांगितलं, "कोणाचाही प्रश्न मी कधीही उघडणार नाही." टाळ्या! मंदाकाकूंनी शिट्टी मारली. मला वाटलं मी चिमणीपेक्षा उंच झालेय.

मी प्रोग्राममध्ये एक नियमही घातला होता. ओळ एक्केचाळीस: स्वतःचा पार वगळ. वेळ कशाला घालवायचा? चौदा घरं. मंदाकाकूंकडे आज काय भाजी आहे ते मला वासावरून कळतं, खऱ्या वासावरून. आमच्यात काय शोधायचं राहिलंय?

मग काय सांगू, लोक वेडे झाले. मंदाकाकूंची मुंगी तिसऱ्या दिवशी तुमसरच्या पारावरून सरगुंड्यांचं मंडळ घेऊन आली. काडीवर वळायच्या शेवया, अकरा बायका, रोज सकाळी पीठ कोणाचं कसं भिजलं यावर चर्चा. गेटवरच्या बोरकरकाकांना घुबडांचे आवाज ओळखणारे सापडले. बाबांना, तुम्ही हसाल, बंद पडलेल्या साबणांची वेष्टनं जपणारे लोक सापडले. दोनशे जण! बाबांकडे भांडाराच्या माळ्यावर एक खोकं भरून वेष्टनं होती. मला वाटायचं ती रद्दी आहे.

आणि हळूहळू संध्याकाळी कट्ट्यावर कोणी येईना.

आधी काकू वाटी घेऊन कुंपणाशी यायच्या, "चाखून पाय गं पोरी." आता वाटीचा फोटो तुमसरला जायचा. जेवताना बाबा आणि मी भांडाराच्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचो. आता बाबांचा एक हात ताटात आणि एक फोनवर.

"बाबा, आज ना शाळेत..."

"हां, सांग. थांब हं एक मिनिट. अगं, सांगलीच्या एकाकडे निळ्या कागदातला आहे! निळा! मला वाटलं तो आलाच नव्हता आपल्याकडे."

"बाबा."

"ऐकून राहिलो ना, बोल."

पण मी काय बोलणार? त्यांचे डोळे चमकत होते. कितीतरी वर्षांत त्यांना कोणी विचारलं नव्हतं की खोक्यात काय आहे. मीही नाही.

सगळ्यांच्या मुंग्या साखर घेऊन आल्या. माझी रोज शाळा सुटल्यावर चार वाजता निघायची आणि सकाळी रिकामी परत यायची. एकदा, दहादा, चाळीसदा. मी वहीत रेघा ओढायचे. फ्रिजवर चुंबकाखाली नागपूरच्या वसतिगृहाचा फॉर्म अडकवलेला होता. एकतीस मार्चला वसाहत रिकामी करायची होती, पारही बंद होणार होता. बाबा आईकडे जाणार. मी दहावीला नागपूरला. फॉर्म मीच भरला होता. सोमवारी पाठवायचा होता.

त्याआधीच्या मंगळवारी मुंगी परत आली, रिकामीच. पण या वेळी तिने सोबत एक ओळ आणली: "पार वरोरा. याच वासाची ताजी खूण सापडली."

मी खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. याच वासाची! म्हणजे कोणीतरी अगदी हाच प्रश्न विचारत फिरत होतं. साखर नव्हे, दुसरी मुंगी! मी धावत मॅडमकडे गेले.

"मॅडम, आहे! कोणीतरी आहे!"

"आधी श्वास घे," मॅडम म्हणाल्या. "आणि चप्पल घालून ये."

मग आम्ही खुणा मागे मागे शोधल्या. प्रत्येक खुणेवर मुंगी कुठून आली आणि घरून कधी निघाली ते असतं. वरोऱ्याला ती वर्ध्याच्या डेपोवरून आली होती. वर्ध्याला परळीच्या एका कॉलेजवरून, परळीला भुसावळच्या रेल्वे पारावरून. बंद केंद्रांच्या गावांतूनच फिरत होती ती, मी जिथे जिथे फिरले असते तिथेच. दोन दिवस लागले. गुरुवारी दुपारी शेवटची खूण उघडली. कुठून आली: खैरगाव वसाहत.

 मॅडमनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझीच आहे गं. स्वतःच्याच शेपटीमागे धावलीस तू."

मी घरी गेले. पालथी पडले. आवाज होताच सोबतीला. त्याचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

आणि पालथं पडल्या पडल्या आठवलं. मी उठून खुणांची वेळ पाहिली. माझी मुंगी चार वाजता निघते. दुपारी. या सगळ्या मुंग्या निघाल्या होत्या पहाटे पाच चाळीसला. रोज. सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

म्हणजे ती मी नव्हते. ते चौदा घरांतलं कोणीतरी होतं. आणि मी माझ्या मुंगीला, त्याच्या मुंगीला, सगळ्या मुंग्यांना सांगून ठेवलं होतं: घरात बघू नका.

शुक्रवारी मी घरोघर हिंडले. वर्गणी मागायला आल्यासारखं तोंड करून. पहिल्या मंदाकाकू. त्या पाटावर सरगुंडे वळत होत्या.

"काकू, तुम्ही पहाटे पाच चाळीसला उठता का हो?"

"मी चारलेच उठतो. काहून?"

"असंच. काकू, तुम्हाला... म्हणजे सगळं शांत असताना काही ऐकू येतं का?"

काकूंचा हात थांबला. "मले तं तुया काकाचं घोरणं ऐकू येते अजून. अन् थे तं जाऊन चार वर्षं झाले." मग त्यांनी माझ्या हातात काडी दिली. "घे, एक वळून पाय. तू तं येतच नाही आता."

मी येत नाही? मी? एक सरगुंडा वळला, वाकडा.

बोरकरकाकांना घुबडं ऐकू येत होती. तीन घरांत लोक मोबाइलवर होते, त्यांना मीसुद्धा ऐकू आले नाही. बाबा तर ढगफुटीत झोपतील. चौदा घरं संपली.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. सगळे गेल्यावर मी लॅबमध्ये कपाटासमोर बसले. किल्ली टाइप करायला नऊ अक्षरं. पाच चाळीसच्या मुंगीचं सील उघडलं की नाव, प्रश्न, सगळं समोर. कोणाला कळणारही नव्हतं. सोमवारी फॉर्म जाणार होता, एकतीसला पार बंद. त्यानंतर चौदा घरं चौदा दिशांना, आणि तो माणूस कुठल्या दिशेला गेला हे मला जन्मात कळलं नसतं.

मी आठ अक्षरं टाइप केली.

मग मला माझा स्वतःचा प्रश्न आठवला. शब्दशः सांगते: "बंद पडलेल्या गोष्टीचा आवाज अजून ऐकू येणारं कोणी आहे का, की मीच वेडी आहे?" हे जर कोणी मागून, गुपचूप उघडून वाचलं असतं ना, तर मी त्या माणसाशी पुन्हा कधी बोलले नसते. मैत्री तर लांबच.

आठही अक्षरं खोडली. बॅकस्पेस आठदा दाबायला किती वेळ लागतो तुम्हाला कल्पना नाही.

दुसरा रस्ता एकच होता, आणि तो मला आधीपासून माहीत होता. त्याला घाबरून तर मी एवढी मुंगी बनवली होती. मी आमच्याच पारावर एक मंडळ उघडलं. उघड, चारशे बारा खात्यांसमोर. नाव: शंभर हर्ट्झ. माहितीच्या जागी लिहिलं: "केंद्र बंद झालं तरी मला ट्रान्सफॉर्मरचा आवाज ऐकू येतो. दोन वर्षं झाली. मी थट्टा करत नाहीये. तुम्हालाही येत असेल तर या. ओवी डोंगरवार, नववी."

आणि मग ओळ एक्केचाळीस पुसली.

सहा मिनिटांत खाली पहिली प्रतिक्रिया. पूर्वेश, आता पुण्यातून: "ट्रान्सफॉर्मर परत सुरू झाला रे!" त्यावर सतरा हसरे चेहरे. सगळी जुनी नावं, बदली होऊन गेलेली. माझे कान तापले, पण मंडळ काढून टाकलं नाही. सदस्य: एक. संध्याकाळी: एक. बाबांनी मान वर करून विचारलं, "काय गं, जेवत काहून नाही?" मी म्हटलं, "भूक नाही." त्यांनी खरंच फोन पालथा ठेवला आणि माझ्या ताटातली पोळी मोडून पुढे केली. "वसतिगृहाचं टेन्शन?" मी मान हलवली. होही नाही आणि नाहीही नाही.

रविवारी उठले तेव्हा खिडकीत ऊन आलं होतं. फोन उशाशी.

सदस्य: दोन. वेळ: पाच एक्केचाळीस.

नाव: प्रणिता डोंगरवार.

आई. आई म्हणजे काय, आया असंच करतात. मुलीच्या मंडळात कोणी नाही दिसलं की येतात, पहिल्या बाकावर बसून टाळ्या वाजवतात. काल पूर्वेशचं वाचलं असेल, वाईट वाटलं असेल. दया! मला दया नको होती. मी तिचं नाव काढायला बोट ठेवलं, आणि नावाखालची बारीक अक्षरं दिसली. ती ओळ माणूस लिहीत नाही, पार आपोआप लिहितो. ती लिहायला मीच पाराला शिकवलं होतं.

"हा सदस्य मुंगीने आणला."

मुंगी कोणालाही आणत नाही. वास जुळला तरच आणते. मुंगीला दया येत नाही.

आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मी चौदा घरं मोजत बसले होते. खाती चारशे बारा होती. आणि पाच चाळीस! आई फर्स्ट शिफ्टला निघायची तेव्हा आमचं फाटक वाजायचं ती वेळ. माझी सगळी प्राथमिक शाळा मी त्या फाटकाच्या आवाजाने कूस बदलत काढली.

मी फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. स्पीकरवर टाकून फोन फरशीवर ठेवला आणि त्याच्यासमोर बसले.

"जेवली का?" आई म्हणाली. सकाळी साडेसात वाजता.

"आई, कधीपासून?"

तिच्यामागे सोलर पार्कातला वारा वाजत होता.

"बंद केला त्या दिवसापासून," आई म्हणाली. "माझ्याच हाताने बंद केला ना. मीटर शून्यावर आलं, सगळे उठले, आणि मी खुर्चीतच. मला वाटलं दुसरा कुठला संच चालू राहिला. दोनदा जाऊन बघून आली."

"मग दवाखान्यात तू..."

"तो केंद्राचा डॉक्टर होता ओवी. बदलीची यादी लागायची होती. कंट्रोल रूममधल्या बाईला नसलेला आवाज ऐकू येतो म्हटल्यावर अनफिटच केलं असतं मला. मी खोटं बोलली."

"मला तरी घरी सांगायचं!"

"सांगणार होती. पण तू बोलायचंच बंद केलं. मला वाटलं, तुझा थांबला. थांबलाय तर कशाला आठवण द्या." मग म्हणाली, "इथे तर इतकं शांत असतं. काचा नुसत्या ऊन पितात, आवाज म्हणून नाही. मग जास्तच येतो."

"मला वाटलं इथून गेले की थांबेल."

"नाही थांबत."

"तू मुंगी रोज..."

"तुझीच होती ना. म्हणून तर विचारलं तिला. दुसऱ्या कोणाला कशी विचारणार?" ती थोडं हसली. "बेचाळीस दिवस. कुठे कुठे फिरून आली बिचारी."

मी ओळ एक्केचाळीसबद्दल सांगितलं. सांगताना मला रडू आलं, अगदी बारक्या मुलीसारखं, नाक वगैरे. आईने रडू दिलं. मग म्हणाली, "आता येतोय का तुला?"

मी श्वास रोखला. "हो. तुला?"

"हो."

सहाशे किलोमीटरवर दोघी गप्प. दोघींना ऐकू येत होतं, पण एकीचं दुसरीला येत नव्हतं. तेच तर असतं ना, ते कानाच्या आत असतं. मला एकदम भीती वाटली, की वेगळाच असेल तर? तिचा एक आणि माझा दुसराच?

"लाव ना सूर," मी म्हटलं. "कसा आहे तुझा?"

"एवढ्या खाली नाही जात माझा गळा."

"एक सप्तक वर घे. दोनशे. तोच असतो."

आईने खाकरलं. मग ओठ मिटून सूर लावला, हळू, लाजत. आई कधी गात नाही. पण तो आला, फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून, आणि तो तोच होता. मी माझा त्याच्यात मिसळला. माझा केसभर वर होता. दोन सूर असे अगदी जवळ आले की ते एकमेकांत थरथरतात, मोठा-बारीक, मोठा-बारीक. मॅडम त्याला विस्पंद म्हणतात. फरशीवर ठेवलेला फोन थरथरायला लागला.

आतल्या खोलीतून बाबा डोळे चोळत बाहेर आले. ढगफुटीत झोपणारे बाबा. दारात उभे राहून त्यांनी कान दिला. फ्रिजकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं.

"ओवी, टाकीची मोटर चालू राहिली का गं?" ते म्हणाले. "केव्हाचं काय वाजून राहिलं हे?"

मी मान हलवली. तोंड उघडलं असतं तर सूर तुटला असता. फोनमध्ये आईचाही तुटला नाही.

"थांब, बघून येतो," म्हणत बाबांनी चप्पल घातली आणि मोटर बंद करायला अंगणात गेले.